खानझोडेकाकांची नळी

खानझोडेकाकांना कोणतीही वस्तू दाखवा, ते आधी विचारणार, "ही धुणार कशी?" किंमत नंतर, कंपनी नंतर, रंग तर विचारायचाच नाही. प्लेनोतला आमचा पहिला मिक्सर घ्यायला मी त्यांना बरोबर नेलं ही माझी चूक. चौथ्या दुकानात त्यांनी मिक्सरचं भांडं हातात घेतलं, पातं खालून उघडतं का ते पाहिलं, उघडत नाही म्हटल्यावर भांडं परत ठेवलं आणि मला म्हणाले, "चल. यात आल्याचे धागे अडकतील आणि तू मला शिव्या देशील." मिक्सर न घेता आम्ही घरी आलो, आणि शिव्या मी त्यांना त्याच दिवशी दिल्या. दोन महिन्यांनी त्यांनी स्वतः शोधून आणलेला मिक्सर माझ्याकडे अजून चालतो, हे सांगायला मला जरा जड जातं.

मी आणि माझा नवरा मिलिंद २००१ साली टेक्सासात, प्लेनोला आलो. मला ज्या टेलिफोनच्या कंपनीत नोकरी होती तिथल्या टेस्टिंग लॅबमध्ये काका होते. मूळ नागपूरचे, अमेरिकेत पंचवीसेक वर्षं झालेली, इथलं नागरिकत्व घेतलेलं, पण बोलताना अजून "मी येऊन राहिलो ना" असंच यायचं. पहिल्या दिवशी मी त्यांच्या शेजारी बसून माझं काम दहा मिनिटं समजावून सांगितलं आणि ते शांतपणे समोर बघत राहिले. मी मनात म्हटलं, काय माजोरडा माणूस आहे. मग ते उठले, खुर्ची उचलून माझ्या पलीकडच्या बाजूला ठेवली, बसले आणि म्हणाले, "आता परत बोल. तो कान मेलेला आहे."

डावा कान कॉलेजातच गेला होता. एन.सी.सी.त काका नेमबाज होते, आणि त्या काळी कानाचं रक्षण म्हणजे कापसाचा बोळा. बोळा पडला तरी कुणी थांबायचं नाही. उजवा कान शाबूत होता, पण त्यातही वयाप्रमाणे घट होऊ लागली होती. दरवर्षी ते कान तपासून यायचे आणि निकाल लागल्यासारखा कागद घेऊन लॅबमध्ये हिंडायचे. "या देशानं माझ्यावर एकच उपकार केला," ते म्हणायचे, "गाडीत बायको उजव्या बाजूला बसते. नागपुरात असतो तर माझा संसार फियाटमध्येच मोडला असता."

ती बायको म्हणजे कुमुदकाकू. नागपूरला शाळेत भूगोल शिकवायच्या. आवाज असा की प्लेनोतल्या त्यांच्या घरी आपण अंगणात गाडी लावत असताना आतून "चप्पल बाहेर" हे स्पष्ट ऐकू यायचं. काकांचं नेमबाजीचं वेड इथे आल्यावर पुन्हा उफाळलं होतं आणि काकू त्यात भागीदार होत्या. दर शनिवारी सकाळी दोघं तासभर उत्तरेला हँक नावाच्या माणसाकडे जात. हँकचं बंदुकांचं दुकान होतं आणि दुकानामागे त्याचीच मोकळी जमीन. काका छोट्या रायफलीने कागदावर नेम धरायचे. काकू मागे घडीच्या खुर्चीवर बसून दुर्बिणीतून बघायच्या आणि गोळी कुठे लागली ते घड्याळाच्या काट्यांवर सांगायच्या. "तीनच्या काट्यावर, दोन बोटं बाहेर." एवढंच सांगून थांबत्या तर त्या काकू कसल्या. "पहिलीतलं पोरगं बरं मारेल," "चहा प्यायला नव्हतात का," "श्वास सोडा, तो काही कुणी चोरत नाही." काका कानावर आवाज रोखणारे जाड मफ घालून बसलेले असत, तरी हा सगळा मजकूर मफ भेदून आत जायचा.

२००४ साली काकूंचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. पूर्ण नाही. कुजबुज उरली. डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांत येईल. वर्ष झालं, आला नाही. त्या वर्षात काकू हळूहळू बोलायच्याच थांबल्या. फोन बंद, मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला येणं बंद. घरी गेलं तर हसायच्या, खायला द्यायच्या आणि आत जायच्या. एक शब्द तीनदा सांगायचा कंटाळा येतो, असं त्यांनी मला कागदावर लिहून दाखवलं होतं.

शनिवारी त्या जात, पण हातात पाटी घेऊन. गोळी सुटली की पाटीवर "३" लिहायच्या आणि काका मान वळवून वाचायचे. "मान वळली की सगळी बैठक मोडते," काका मला म्हणाले. मग म्हणाले, "आणि पाटीवर ती फक्त आकडाच लिहिते गं."

काका काय म्हणत होते ते मला कळलं. मफ काढला तर काकूंची कुजबुज ऐकू येणार, पण रायफलीच्या आवाजाने उरलेला कान जाणार. मफ घातला तर कान राहणार, काकू जाणार. आवाज मोठा करणारे बॅटरीचे मफही त्यांनी आणून पाहिले. माळावरचा वारा तेवढा मोठा झाला आणि काकू त्यात हरवल्या. मी सरळ विचारलं, "नेमबाजीच सोडून का देत नाही?" काका काही बोलायच्या आत काकूंनी माझं मनगट धरलं, मला जवळ ओढलं आणि कानात म्हणाल्या, "दुसरीकडे आम्ही दोघं बोलतो कुठे?"

मग काकांनी ठरवलं की बंदुकीच्या तोंडाला लावायची नळी घ्यायची, म्हणजे मफ न घालताही कान वाचेल. आपण सायलेन्सर म्हणतो ती. काका चिडायचे. "सायलेन्सर स्कूटरला असतो. हा सप्रेसर. आवाज दाबतो, गिळत नाही." ही बातमी मंडळात पोचली आणि दोन आठवडे कुणाला दुसरा विषय नव्हता. "खानझोडे सुपारी घ्यायला लागले की काय?" असं एका गृहस्थांनी मलाच विचारलं. मी म्हटलं, हो, आणि पहिलं नाव तुमचंच आहे.

नळी निवडायला सहा महिने लागले. मिक्सरला दोन लागले होते, त्या मानाने घाई झाली असंच म्हणायचं. एका शनिवारी आम्हीही बरोबर गेलो. हँक सत्तरीचा, सावकाश बोलणारा माणूस. त्याने काउंटरवर पाच-सहा नळ्या मांडल्या. त्याचं म्हणणं, पहिलीच घेताय तर मोठी घ्या, पुढे कोणतीही रायफल घेतलीत तरी चालेल. मिलिंदने लगेच मान डोलावली, कारण मोठं ते चांगलं असं त्याला दुकानात नेहमीच वाटतं. काका म्हणाले, "लग्न ज्या मुलीशी करायचं तिला बघा. पुढच्या मुलींचं माप आत्ता कशाला?" त्यांची रायफल छोटी, तिला छोटी नळी पुरे. शिवाय गोळी मंद जातीची वापरायची. वेगाची गोळी हवेतच कडाडते, त्याला नळी काही करू शकत नाही, हे त्यांनी हँकलाच समजावून सांगितलं, आणि हँकनेही चाळीस वर्षं दुकान चालवून हे पहिल्यांदाच ऐकतोय अशा चेहऱ्याने ऐकून घेतलं.

दोन नळ्या उरल्या. एक हलकी, सुंदर, काळीभोर, पण कारखान्यातच कायमची बंद केलेली. दुसरी पोलादी, हाताला जड, दिसायला पाइपाचा तुकडा, पण फिरवली की उघडायची आणि आतल्या चकत्या एकेक करून बाहेर यायच्या. काका वजन बघत होते, आवाज मोजायच्या मीटरवरचे आकडे बघत होते. काकूंनी काळी नळी उचलली, आत डोकावल्या आणि काकांच्या उजव्या कानाशी जाऊन काहीतरी म्हणाल्या. काकांनी हँकला विचारलं, "ही धुणार कशी?"

हँक म्हणाला, धुवायची गरज नाही. काकूंनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला नागपूरच्या शाळेतल्या मुलांची दया आली. छोट्या गोळीचं शिसं आणि काजळी आत साठते, हे हँकला शेवटी कबूल करावं लागलं. पोलादी नळी ठरली. तोवर मला वाटायचं की तो प्रश्न काकांचा आहे.

ठरली म्हणजे मिळाली असं नाही. टेक्सासात ही नळी कायदेशीर, पण सरकार तिला बंदूकच समजतं. बोटांचे ठसे द्या, फोटो द्या, शेरीफची सही आणा. शेरीफच्या कचेरीतल्या अधिकाऱ्याने काकांना विचारलं, "तुम्हाला ही कशासाठी हवी आहे?" काका म्हणाले, "बायकोचं बोलणं ऐकू यावं म्हणून." अधिकारी खुर्चीत मागे रेलला. म्हणाला, नोकरीत इतकी वर्षं झाली, नवरे उलटीच तक्रार घेऊन येतात. सही मिळाली. मग कागद वर गेले आणि महिनोन्‌महिने तिकडेच राहिले. नळी हँकच्या तिजोरीत. काका दर शनिवारी तिला बघून यायचे आणि मला सांगायचे, "साखरपुडा झाला, आता मुहूर्ताची वाट बघून राहिलो."

एका बाबतीत ते फार कडक होते. आम्ही दोघं अजून व्हिसावर, ग्रीन कार्डचा अर्ज नुकताच केलेला. व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा ही नळी जवळ बाळगणं इथे गुन्हा. शिकारीचा परवाना असेल तर वगैरे सवलती होत्या, पण काका म्हणायचे, त्या वाटेला जाऊच नका. हँककडे गेलो की ते मिलिंदला बजावायचे, "खिशात हात घालून उभं राहायचं. गोळीची रिकामी टोपीसुद्धा उचलायची नाही. तुमचं इथलं राहणं त्या एका टोपीपायी जाईल." मिलिंद सकाळभर तसा उभा राहायचा.

मंजुरी आली २००६च्या दिवाळीच्या आधल्या आठवड्यात. काका शुक्रवारी नळी घरी घेऊन आले आणि त्यांनी पहिलं काय केलं असेल? धुतली. एक गोळी झाडलेली नाही, कोरी करकरीत नळी, पण नवं भांडं धुतल्याशिवाय वापरायचं नाही हा त्या घरचा नियम. गॅरेजमधल्या सिंकवर साबणाने धुतली, चकत्या पुसून वर्तमानपत्रावर वाळत घातल्या, आणि संध्याकाळी सगळं एका पिशवीत भरलं. पिशवी काकूंनी जुन्या इरकल साडीची शिवलेली.

आता गॅरेजमध्ये त्या टेबलावर दुसरं काय होतं, तर दिवाळीचा फराळ. घरात तळणीचा वास राहतो म्हणून आम्ही सगळेच गॅरेजमध्ये शेगडी मांडून तळतो. काकूंच्या चकल्या झाल्या होत्या आणि त्यांचा पितळी सोऱ्या जाळ्यांसकट धुऊन, वाळवून पिशवीत ठेवला होता. त्याच साडीच्या दुसऱ्या पिशवीत. मी शनिवारी दुपारी सोऱ्या मागायला गेले. सकाळपासून पाहुणे आल्याने त्या शनिवारी हँककडे जाणं राहिलं होतं, आणि काका-काकू आत त्यांच्यापाशी बसले होते. काकूंनी हातानेच गॅरेजकडे बोट दाखवलं. मी गेले, पिशवी उचलली, जड नळी आणि चकत्या हाताला लागल्या, आणि घरी आले.

रविवारी सकाळी भाजणी भिजवली, मिलिंदला कढई ठेवायला सांगितलं आणि पिशवी ओट्यावर उपडी केली. मी खरंच सांगते, पहिला विचार माझ्या मनात असा आला की नागपूरकडचा सोऱ्या वेगळा असतो. मग नळीवरचा कोरलेला नंबर दिसला. मिलिंदने तो माझ्या खांद्यावरून वाचला आणि गॅस बंद केला.

"हात लावू नकोस," तो म्हणाला.

"लावलाय की. काल गाडीतून आणलीय मी."

आम्ही दोघं ओट्यापासून चार पावलं मागे जाऊन उभे राहिलो. पाच वर्षांची नोकरी, अर्ज, मिलिंदच्या आईचं ठरलेलं येणं, सगळं त्या ओट्यावर चकल्यांच्या पिठाशेजारी पडलं होतं. मी काकांना फोन केला. ऐकल्यावर ते म्हणाले, "कुणीही हलवू नका. मी येतो."

हायवेवर सगळ्यात उजव्या, हळू गाड्यांच्या लेनमधून पंचावन्न मैलांच्या वर कधी न गेलेला हा माणूस पंचवीस मिनिटांचं अंतर पंधरा मिनिटांत आला. चकत्या मोजल्या, नळी भरली, गाडीच्या डिकीत कुलपात ठेवली. परत आत आले आणि सोफ्यावर बसले. "मला ऐकू यावं म्हणून मी तुमचं घर पणाला लावलं," ते म्हणाले. "उद्या वकिलाकडे जातो. जे होईल ते मी माझ्या अंगावर घेतो. आणि ही नळी मी परत करून टाकतो." मी चहा केला. त्यांनी घेतला नाही. असं पहिल्यांदाच झालं.

सोमवारचा दिवस मी ऑफिसात कसा काढला ते विचारू नका. तीन वाजता काकांचा फोन आला. वकीलबाईंनी सगळं ऐकून घेतलं होतं, दोनदा विचारलं होतं. मी नेलं ते नकळत नेलं, कळल्याक्षणी मालकाला बोलावलं, मालकाने त्याच तासात परत नेलं. कायदा जाणूनबुजून बाळगण्याबद्दल बोलतो. जे घडलं ते लिहून ठेवा, नळी यापुढे कुलपात ठेवा आणि घरी जा, असं त्या म्हणाल्या. "शेवटी त्या एकच बोलल्या," काका म्हणाले, "मिस्टर खानझोडे, प्लीज, पिशव्या वेगळ्या रंगाच्या शिवा." मी जिन्यात जाऊन रडले. मग मिलिंदला फोन केला. त्या संध्याकाळी सोऱ्याशिवाय, हातानेच वळून आम्ही चकल्या केल्या. भाजणीचं पीठ दीड दिवस फ्रिजमध्ये राहिलेलं, चकल्या मऊ पडल्या, आणि आम्ही दोघांनी मिळून एक ताट संपवलं.

काका मात्र हट्टाला पेटले होते. नळी परत करणार म्हणजे करणार. बुधवारी काकू सोऱ्या घेऊन आमच्याकडे एकट्याच आल्या. काकू एकट्या कुणाकडे आल्याला दोन वर्षं झाली होती. मला जवळ बसवलं आणि म्हणाल्या, आणि मला ते ऐकायला कपाळाला कपाळ लावावं लागलं, "मेघा, मला खरं सांग. तुला आता भीती वाटते का?"

मी म्हटलं, "काकू, नाही. वकीलबाई म्हणाल्यात ना, काही होणार नाही."

"मग झालं," काकू म्हणाल्या.

तिथून त्या स्वतः गाडी घेऊन हँककडे गेल्या. काय हवं ते कागदावर लिहून दाखवलं आणि नंबरच्या कुलपाची पोलादी पेटी घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी काकांच्या पोह्यांच्या बशीशेजारी ठेवली. काकांनी विचारलं, हे काय? काकूंनी पेटी उघडली, नळी आत ठेवली, झाकण लावलं आणि कुलपाचा नंबर कागदावर लिहून कागद त्यांच्या खिशात घातला. हे मला काकांनीच सांगितलं. "एकदा तिनं ठरवलं की नागपूर बोर्डसुद्धा काही करू शकत नाही," म्हणाले.

पुढच्याच वर्षी मिलिंदची नोकरी बदलली आणि आम्ही दुसऱ्या राज्यात, क्युपर्टिनोला आलो. त्यानंतर काका-काकूंना मी प्रत्यक्ष भेटले नाही. पत्रं येतात, त्यांच्या कानाचा वार्षिक कागद येतो, त्यात उजवा कान आहे तिथेच आहे. पण मला ते दोघं दिसतात ते त्या दिवाळीनंतरच्या शनिवारचे.

हँकच्या जमिनीवर थंडी होती, वारा फारसा नव्हता. आम्ही लांब, कुंपणाशी उभे. हँकही त्याच्या गाडीला टेकून बघत होता. कानाच्या डॉक्टरांनी घालून दिलेल्या मर्यादेप्रमाणे बंदुकीच्या मंद गोळ्या, सकाळी पंचवीस, जास्त नाही. काकांनी नळी फिरवून बसवली, पोटावर झोपले आणि मफ काढून शेजारी ठेवला. काकू मागे खुर्ची घेऊन बसल्या, पूर्वीपेक्षा बरीच पुढे सरकून. पाटी आणलीच नव्हती.

काकांनी नेम धरला. जाड पुस्तक टेबलावर आपटावं एवढा आवाज झाला. काकू दुर्बिणीतून बघत होत्या. त्यांचे ओठ हलले. काकांनी मान वळवली नाही, पडल्या पडल्या नेम जरा सरकवला आणि दुसरी गोळी झाडली. काकूंचे ओठ पुन्हा हलले, या वेळी जरा जास्त वेळ.

"बाहेर?" काका म्हणाले. "कुठून बाहेर? आत आहे ती."

काकू बोलल्या.

"आणि चहाचा इथे काय संबंध?"

काकू बोलतच राहिल्या, एक हात दुर्बिणीवर, दुसरा हवेत. काकांनी रायफल रिकामी केली, खाली ठेवली आणि उठून बसले. "तू डोळे तपासून घे, कुमुद. मी सांगतो, आत आहे. चल, तिथे जाऊन बघू." काकू दुर्बीण ठेवून उठल्याच. हँकने मला विचारलं, काही बिनसलंय का? मी म्हटलं, नाही, सगळं ठीक आहे.

दोघं वाळलेल्या गवतातून कागदाकडे चालत निघाले. काकू काय म्हणत होत्या त्यातलं एक अक्षर मला ऐकू आलं नाही. काका त्यांच्या प्रत्येक वाक्याला उत्तर देत होते.